यंदा तू पाव आण

टर्की ओव्हनमधून बाहेर निघाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्गिटनेही वाजवल्या. दोनच.

सोळा वर्षं थँक्सगिव्हिंगच्या सणाचा अख्खा टर्की आईच्या या स्वयंपाकघरात मार्गिटच भाजत आली होती. यंदा आईने फोनवर सरळ सांगितलं, "टर्की टेसा करतेय. तिलाही कधीतरी करू दे की. तू पाव आण." पाव आणायला कुणाला सांगतात, हे मार्गिटला पक्कं ठाऊक होतं. ज्याच्या हातचं कुणालाच खायचं नसतं, त्याला. आजवर हा मान लॉइडमामाचा होता. त्याला अंडं उकडता येत नाही. आता लॉइडमामाकडे उकडलेले बटाटे गेले होते आणि मार्गिटकडे पाव. तिने दुकानातून दोन डझन आणले आणि टेबलावर जरा आपटूनच ठेवले.

टेसा ही तिच्या धाकट्या भावाची, ओरिनची बायको. लग्नाला आठ महिने झालेले. कानामागून आली आणि तिखट झाली.

"आता अर्धा तास याला कुणी हात लावायचा नाही हं," टर्कीवर फॉइल झाकत टेसा म्हणाली. "रस आत मुरू दे." हे ती कुणाला सांगत होती, तर मार्गिटला! मग आपल्या ब्लाउजवर उडालेलं लोणी तिला दिसलं, आणि "अगं बाई" म्हणत ती कपडे बदलायला वर गेली. बाकीचे फुटबॉलची मॅच बघायला बाहेरच्या खोलीत पांगले.

मार्गिटने दाराकडे एकदा पाहिलं आणि फॉइल उचललं.

कातडी सगळीकडून सारखी तांबूस. कुठे करपलेलं नाही, कुठे पांढुरकं राहिलेलं नाही. तिने मांडीत सुरी खुपसली. रस अगदी स्वच्छ आला. छाती दाबून पाहिली. लोण्यासारखी मऊ. मार्गिटच्या पोटात दुखायला लागलं. तिच्या टर्कीची छाती दरवर्षी थोडी कोरडी व्हायची. सगळे वरून भरपूर ग्रेव्ही ओतायचे आणि छान झालाय म्हणायचे.

काहीतरी चुकलेलं असणारच, म्हणून तिने ताट फिरवलं. आणि मानेकडच्या कातडीखाली तिला कागदाचं टोक दिसलं.

पिशवी! दुकानातून टर्की येतो तेव्हा त्याची कलेजी आणि पेटा कागदी पिशवीत घालून आतच ठेवलेला असतो. भाजायच्या आधी ती काढायची, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. टेसाने पिशवीसकट भाजला होता. मार्गिटला इतका आनंद झाला की तिने वाकून ते टोक पुन्हा एकदा पाहिलं. गप्प बसली असती तर ओरिनने टेबलावर टर्की कापायला घेतला असता आणि सगळ्यांसमोर पिशवी निघाली असती. पण तेवढा दम कुणाला?

"आई! जरा इकडे ये. लवकर!" बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असा तिने आवाज लावला. पण तेवढ्यात तिकडे मॅचवरून आरडाओरडा झाला. एकटी आईच आली.

आईने पाहिलं. पायाने दार लोटलं. चिमट्याने पिशवी ओढून काढली, कचऱ्याच्या डब्यात टाकली, वर बटाट्याची सालं सारली. कातडी खाली ओढून अंगठ्याने दाबून बसवली. सगळं मिनिटभरात.

"अगं, टाकलीस काय! तिला दाखवायची ना आधी," मार्गिट म्हणाली. "पिशवीसकट भाजते ती, आणि पाव मी आणायचे?"

"हळू बोल. दाखवायची कशाला?"

"शिकायला नको का तिने?"

"शिकेल. नाही शिकली तर मी आहेच." आईने चिमटा नळाखाली धरला. "तुला तरी मी कुठे दाखवली होती?"

"मला? मी काढायचे की पिशवी!"

"तू टर्कीच्या पोटात ठेवलेली त्याची कापलेली मान तेवढी काढायचीस आणि झालं म्हणायचीस. पिशवी इकडे पुढे असते. म्हणून तर टर्की बाहेर काढला की तुला केस विंचरायला वर पाठवायचे."

मार्गिटचा हात केसांकडे गेला. आपल्या केसांवर आईचा फार जीव आहे, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. जिन्यावर टेसाची पावलं वाजली. मार्गिटने घाईघाईने फॉइल पुन्हा होतं तसं झाकलं.

"कुठल्या वर्षी?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"एकाच वर्षी झालं असतं," आई म्हणाली, "तर साल लक्षात राहिलं असतं."