डावी बाजू

स्टुलावर बसल्याबरोबर शिवणकामाच्या बाईंनी हात तोंडावर नेला, आणि तो तिथेच राहिला.

फोटो काढणारीने तो तसाच राहू दिला. ‘हसा’ हा शब्द तिच्या स्टुडिओत निघत नसे. कॅमेरा तिपाईवर लावून ती त्याच्या शेजारी उभी राही, लांब वायरचं बटण मुठीत धरून. भिंगाकडे बघितलं की माणसं गोठतात, माणसाकडे बघितलं की जरा सैल होतात, असा तिचा अनुभव. आणि बरोबर आलेल्याला ती आधी बाहेर बसवी. गोठवण्याचं निम्मं काम तेच करतात. आज बाहेर बाईंची मुलगी बसली होती.

मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. लग्नाचे फोटो हीच स्टुडिओवाली काढणार होती. आठ महिन्यांपूर्वी बाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. उजवी हसायची, डावी जिथल्या तिथे. लग्नात फोटोच्या वेळी आपण आत सामानापाशी थांबू, असं त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं. मुलीने भांडून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी, एकदा नुसतं बसून बघ, नाही जमलं तर पुन्हा विषय काढणार नाही, या बोलीवर तिने आईला इथवर आणलं.

वीस मिनिटांत हवापाण्यापासून मशीनच्या तेलापर्यंत सगळं विचारून झालं. बाई उत्तरं देत होत्या, पण हाताआडून. हात खाली आलाच, तर मान आपसूक वळे आणि कॅमेऱ्याला उजवा गाल तेवढा मिळे.

मग त्यांचं लक्ष दिव्यांकडे गेलं.

“ही बाजू तुम्ही अंधारात ठेवलीय ना?”

फोटो काढणारी गडबडली. बाई यायच्या आधीच तिने दिवा मुद्दाम एका बाजूला सरकवून ठेवला होता. चांगल्या मनानेच. तिने हो म्हटलं.

“आम्हीपण करतो,” बाई म्हणाल्या. “एक खांदा उतरलेला असला की आतून पॅड घालतो. गिऱ्हाइकाला कळतं हं. बोलत नाही, एवढंच.”

आणि त्यांनी पर्स खांद्याला लावली.

फोटो काढणारीने सारवासारव केली नाही. बाईंच्या पुढ्यात येऊन ती दिव्याचा दांडा ओढू लागली, उजेड सरळ समोरून पडेल असा. हात वर ताणला तशी तिच्या शर्टाच्या खांद्याची शिवण घसरून दंडावर आली.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “कुणी शिवलाय हा?”

तयार घेतलाय, असं ती म्हणाली. ते दिसतंयच, असं बाईंचं मत पडलं. त्यांनी तिला दंडाला धरून स्टुलासमोर गुडघ्यावर बसवलं, पर्समधून टाचण्यांची डबी काढली आणि तीन टाचण्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यात धरल्या. डाव्यात आता धरता येत नसत. दोन्ही हात शिवणीत गुंतले आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. बाही कशी बसवतात, तयार कपडेवाले कापडात कशी लबाडी करतात, जगाचे फोटो काढणाऱ्या बाईला स्वतःची पाठ आरशात बघायला काय होतं. टाचण्यांपायी निम्मे शब्द फसफसत होते. फोटो काढणारी निमूट बोलणी खात होती. वायर चांगली लांब होती. मुठीतलं बटण तिने एकदाच दाबलं.

खट् आवाज झाला तशा बाई थबकल्या. हात तोंडाकडे निघाला, पण चिमटीत शर्टाची शिवण होती.

मुलीला आत बोलावून फोटो पडद्यावर मोठा करून लावला. पुढे एक खांदा, त्यावर दोन हात, आणि त्यामागे भरल्या उजेडात बाईंचा अख्खा चेहरा. एक डोळा बारीक केलेला, एक उतरलेला. ओठ एकीकडे टाचण्या आवळून, दुसरीकडे सैल. समोरच्याचं काही चालू देणार नाही अशी मुद्रा.

मुलगी, छान आलाय, म्हणाली नाही.

“तोंड वाकडंच आहे,” बाई म्हणाल्या.

“वाकडंच आहे,” मुलगी म्हणाली. “मला ओरडताना अशीच दिसतेस.”

बाईंनी पडद्यापाशी वाकून बारकाईने पाहिलं. एक बोट उचललं, चेहऱ्यावरून पुढे नेलं आणि खांद्याच्या शिवणीवर टेकवलं. मग त्या फोटो काढणारीकडे वळल्या.

“हा शर्ट उद्या माझ्याकडे टाकून जा. लग्नात तासभर तुमच्यासमोर उभं राहायचंय मला. हा खांदा मला बघवणार नाही.”