दाट स्लरी

राजनंदिनीनं शेण-गोमूत्राची स्लरी न गाळताच ठिबकच्या टाकीत ओतली. एरवी पाणी घालून ती ताकासारखी पातळ करायची. आज थेंबभरही घातलं नाही. फिल्टरची जाळीही काढून ठेवली आणि कॉक उघडला.

पाइपाला आधी तिच्या उसात फाटे फुटायचे, मग ओढ्याकडं, जावेच्या उसात. पातळ पाणी शेवटच्या नळीपर्यंत पळत जायचं. दाट रबडी तशी जात नाही. जवळच्या नळ्या आधी पोट भरून घेतात, लांबच्या नळ्यांत गाळ बसतो. ठिबक नवं होतं तेव्हा एकदा तसं झालेलं तिनं पाहिलं होतं.

जाऊ, शिवांजली. धाकटा दीर वारल्यापासून राजनंदिनीचा नवरा विश्वजीत सकाळी आधी तिच्याच रानात जायचा. परवा जेवताना म्हणाला, "शिवांजलीचा ऊस लय जोरात हाय." राजनंदिनीचा घास तोंडातच फिरत राहिला. शिवांजलीचा ऊस वाळला, की ती रान वाट्यानं देईल दुसऱ्या कुणाला. मग हे कशाला जातील तिकडं?

झालंही तसंच. राजनंदिनीचा ऊस जोमानं काळाभोर झाला आणि ओढ्याकडच्या पानांच्या सुरळ्या व्हायला लागल्या.

"नळ्या तुंबल्यात," विश्वजीत घरी येऊन म्हणाला. "एकेक भोक टाचणीनं उकलाय पायजे. एकट्या बाईला कवा व्हायचं ते?"

दुसऱ्या दिवशी दुपारी राजनंदिनी भाकरी घेऊन ओढ्याकडं गेली. दोघं एकाच सरीत बसली होती. मधे नळी. तो टाचणीनं भोकं मोकळी करत होता, शिवांजली दुसऱ्या टोकानं फुंकत होती. एकदम गाळ उडाला आणि विश्वजीतचं तोंड काळंशार झालं.

शिवांजली हसली. दीर गेल्यापासून तिचं हसू घरात कुणी ऐकलं नव्हतं. विश्वजीतही तोंड न पुसता हसत बसला.

राजनंदिनी बांधावरूनच म्हणाली, "आवं, आपल्या उसाकडं कवा येणार?"

"आपल्या उसाला काय धाड भरलीया? झ्याक हाय की." त्यानं मान वळवली नाही. नळीचं पुढचं भोक धरलं. "भाकरी ठिव तितं. आन् हे काम लय दिस चालंल. उद्यापासनं दोघांची आण."