नवा करदोडा

माजलगाव धरणाच्या काठावर अभिमन्यू पाण्यावर पळणाऱ्या इंजिनाच्या फळीची सर्व्हिसिंग करत होता. प्लग पुसला, तेल बदललं; राहिली फक्त लाल दोरी. तिचं एक टोक इंजिनात, दुसरं चालवणाऱ्यानं पायाला बांधायचं. तो पडला की दोरी इंजिनातून निसटते, इंजिन बंद पडतं. गेल्या पोळ्याला धाकट्या भावानं, परमेश्वरनं, ती कमरेच्या नव्या करदोड्यात अडकवली. तो पडला तेव्हा दोरी निसटायच्या आधी करदोडाच तुटला. फळी तशीच धडधडत एकटी काठाला आली. परमेश्वर सापडलाच नाही. अभिमन्यूनं इंजिन चालू करून दोरी ओढली. इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा ओढली. "बास की आता," मागून आई म्हणाली. आज पुन्हा पोळा, नवा करदोडा बांधायचा दिवस. तिनं हातातला नवा करदोडा दोरीला बांधला, दोनदा गाठ मारली. "आता कर चालू. तवा एकलीच आलती न्हवं? आज एकलीच सोड. घिऊन यील त्याला."