कच्चे अँकर

"ढमाले, आता एक घमेलंही माती काढायची नाही! भिंत मागून धरणाऱ्या अँकरचं सिमेंट अजून कच्चं आहे." तळघराच्या खड्ड्यात इंजिनियर अनुराधा सोवनी पोकलेनसमोर उभी राहिली. संरक्षक भिंतीचं डिझाइन तिचंच होतं.

"बाजूला हो बाई, नाहीतर तुलाच गाडीन!" पोकलेनमधून कंत्राटदार ढमाले गरजला आणि त्याने लोखंडी बकेट तिच्यावर फिरवली. तिच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज साऱ्यांनी ऐकला. मजुरांनी फावडी टाकली, तिला उचललं आणि सगळे वर आले. तो शिव्या घालत एकटाच खणत राहिला.

आधी अँकर सुटले. मग भिंत झुकली आणि मागची सगळी माती घेऊन पोकलेनवर कोसळली. वरून अनुराधा "उडी मारा!" म्हणून किंचाळत राहिली.

दहावं उरकून ढमालेची आई इस्पितळात आली. मुलाने काय केलं होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अनुराधाच्या प्लास्टरवर डोकं टेकून ती हमसली, "बाई, तुम्हाला कळत होतं ना? मग माझ्या लेकराला अडवलं का नाही?"

अनुराधाने दुसऱ्या हाताने तिला जवळ घेतलं.

"कमी पडले, आई."