त्या भिंतीला हात लावू नका

"धुराडं १८६०चं, पुढची विटांची भिंत १८२०ची, आणि हे स्वयंपाकघर तर माझ्याच वयाचं," क्विलरबाई म्हणाल्या. घर किती जुनं आहे ते तपासायला त्या कौन्सिलकडून आल्या होत्या. त्यांच्या शेऱ्याशिवाय असं शेतघर पाडता येत नाही. "खरं जुनं म्हणावं असं मला तरी काही दिसलं नाही."

"मी काय सांगत होतो?" पिअर्स वेंडन खूश झाला. घर त्याचं, भोवतीची चारशे एकर जमीनही त्याचीच. इथे त्याला लंडनवाल्यांच्या सुट्टीसाठी बावीस बंगले ठोकायचे होते. सत्तरीची मेबल गॅरड जन्मापासून या घरात कूळ म्हणून राहत होती. घर पडलं की तीही बाहेर. वेंडनच्या हिशेबात ती राडारोड्यातच मोजलेली होती.

मेबलनं चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घातलेलं कापडी टोपरं काढलं. त्यावर तिच्या आजीनं दोऱ्यानं लाल डाळिंबं आणि एक पळतं हरीण भरलेलं होतं.

"अरे, या हरणाला पाच पाय!" वेंडन हसला. "तुझ्या आजीला मोजता येत नव्हतं का गं?"

"शाळेत कुठे गेली होती ती, मालक? तुमच्याच शेतात सलगम उपटत होती."

"खाली १९०९ मात्र बरोबर भरलंय."

"तेवढं यायचं तिला."

बैठकीची खोली तेवढी बघायची राहिली होती. आत जाताच मेबल पश्चिमेच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. खुर्च्या भिंतीपासून लांब सरकवलेल्या होत्या. गालिच्यावर जुनी चादर पसरलेली होती.

"एवढी भिंत सोडा, मालक. हिला हात लावू नका."

"का? काय लपवतेयस?"

"लपवणार काय? उभ्या जन्मात या घरात एक खिळा ठोकला नाही मी. करारातच लिहिलंय तुमच्या, खिळा ठोकला की घराबाहेर."

"मग भिंत कुजली असेल. माझ्या आजोबांनी १९११ साली हा गिलावा करून घेतला, आणि तू तो ओलीनं सडवलास!"

"कुजेल कशी? लोखंडासारखी आहे. हातोडा मारला तरी..." मेबलनं जीभ चावली. "नको. मी काही बोलले नाही."

"मिस्टर वेंडन, काही गरज नाही," क्विलरबाई म्हणाल्या. "माझी सही तेवढी बाकी आहे."

"थांबा हो बाई! हे घर आतून किती पोकळ आहे ते तुम्हीही बघा. मेबल, हातोडा कुठाय?"

"दाराआड."

वेंडननं कोट काढला. कुणी नको म्हटलं की त्याला चेव यायचा. बापही तसाच होता, आजाही तसाच. गावात हे शेंबड्या पोराला माहीत होतं.

"नका हो मालक, पाया पडते!"

तिसऱ्या घावाला दाराएवढा गिलावा धाडकन चादरीवर कोसळला. धूळ बसली तेव्हा ओकचे काळे खांब दिसले. खांबांच्या मधल्या जागेत रंग होते. लाल, हिरवा, काजळी.

क्विलरबाई गुडघ्यावर बसल्या. "साडेचारशे वर्षं... निदान साडेचारशे वर्षं जुनं आहे हे. तो हातोडा खाली ठेवा, मिस्टर वेंडन. आता या घराची एक वीटसुद्धा हलणार नाही."

"पण हे... हे आधी कुणालाच कसं माहीत नव्हतं?" वेंडनच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"तरी मी नको म्हणत होते," मेबल म्हणाली आणि चहाचा ट्रे आणायला आत गेली.

क्विलरबाईंनी रुमालानं हळूच धूळ टिपली. डाळिंबांमधून एक हरीण पळत होतं. त्यांनी त्याचे पाय मोजले. पुन्हा मोजले. पाच.

मेबलनं ट्रे टेबलावर ठेवला, किटलीवर टोपरं चढवलं आणि हरणाची बाजू मालकाकडे वळवली.