भोंग्याच्या आधी

वाटीभर भातात जानरावने औषधाचा एकच थेंब मिसळला होता, तरी त्याच्या तीन वर्षांच्या पोरीने, हिराने, घास ओठाला लावून खाली ठेवला. कोऱ्या भाताशिवाय ती काही खात नव्हती, बोलत नव्हती आणि आता तिचे पाय वाकू लागले होते. ‘पोरीला काही समजत नाही, तिला नागपूरच्या आश्रमात ठेवून टाक,’ असं थोरल्या भावाचं पत्र महिनाभर जानरावच्या खिशात होतं.

हिराची आई सत्यशीला चमच्यात औषधाचे थेंब घेऊन नुसतीच बसून राहिली.

“कावून थांबली?” जानरावने विचारलं.

“कारखान्याचा भोंगा वाजू द्या. पोरगी भोंग्यावानी तोंड उघडते. त्या आवाजात तिले चव समजत नाही.”

तेवढ्यात हिराने आ वासला. सत्यशीलाने थेंब आत सोडले.

“अवो, भोंगा कुठं वाजला?”

जानरावचं बोलणं संपतं न संपतं तोच भोंगा घुमला. हिराने डोळे मिटून औषध गिळलं.

“रोज असंच? आधी?”

“रोज.”

जानराव पोरीकडे वळला. “अख्खं भिलाई भोंग्यामागं पळून राहिलं, अन् हे त्याच्याही पुढं!” त्याने खिशातलं पत्र सत्यशीलाच्या हातात दिलं. “दादाले लिही. पोरगी कुठंच जात नाही.”