शून्य धरलेलं बेट

मालदीवच्या धक्क्यावर उमाकांत दळवींनी पुण्यातल्याच नोटा काढून शहाळ्याचे पैसे दिले. सहा देशांचं एकच चलन, पैसे बदलायची कटकट नाही की दलाली नाही! त्यांना मनोमन अभिमान वाटला. या सहा देशांचा व्याजदर रोज ठरवणारं यंत्र त्यांनीच तर बनवलं होतं.

शहाळी विकणारी आमिनाथ हातातल्या डबीशी बोलत होती; लोकांचं म्हणणं त्या यंत्रापर्यंत पोचवायला घरोघरी दिलेली ती डबी. दळवींच्या कानातला दुभाषी तिचं बोलणं मराठीत सांगू लागला. "आज मासळीचा तिसरा कारखाना बंद पडला. पूर्वी मंदी आली की आमचा वेगळा पैसा स्वस्त व्हायचा आणि माल परदेशात खपायचा. आता भारतातल्या महागाईपायी वाढवलेलं व्याज आम्हाला झेपत नाही. कमी करा."

"रोज सांगता?" दळवींनी विचारलं.

"चार वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही. यंत्र सगळ्यांचं ऐकतं ना, साहेब?"

दळवींनी शहाळं खाली ठेवलं. गणित सुटसुटीत व्हावं म्हणून यंत्रात सगळ्यात लहान देशाचं, म्हणजे मालदीवचं, वजन त्यांनीच शून्य धरलं होतं.

"ऐकतं," ते म्हणाले.

"मग तुम्हीही सांगा. मोठ्या देशाचे आहात." तिने डबी त्यांच्या तोंडापुढे धरली.

"व्याज कमी करा," दळवी पुटपुटले.

"जरा मोठ्याने, साहेब."